डोक्याला ताप : एक चिनी अक्षर शिकण्याची कृती

वैतागलो की आपण म्हणतो, "काय डोक्याला ताप आहे!" चिनी लिपीत हेच एका अक्षरात लिहून ठेवलेलं आहे. डावीकडे आग, उजवीकडे डोकं. उच्चार 'फान'. अर्थ वैताग, कटकट, त्रास. चिनी शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाला पहिलं जरा अवघड अक्षर म्हणून मी नेहमी हेच देते. ते लक्षात ठेवायला वेगळी युक्ती शोधावी लागत नाही, ती आपल्या तोंडात आधीपासूनच आहे.

अक्षर मी इथे छापून दाखवणार नाही, आणि ते मुद्दामच. छापील अक्षर समोर असलं की डोळा त्याचं चित्र उचलतो आणि हात नुसती नक्कल करतो. कोणती रेघ आधी, कोणती मग, ती वरून खाली येते की खालून वर जाते, यातलं काहीच हाताला कळत नाही. म्हणून मी सांगते तसं रेघेमागून रेघ काढत जा. वहीत जे उतरेल ते बरोबर आहे का, हे ताडून पाहायची रीत शेवटी सांगितली आहे.

साहित्य

गणिताची चौकटीची वही, शिसपेन्सिल, खोडरबर. बॉलपेन नको, कारण या लिपीत रेघेवरचा दाब कमीजास्त करावा लागतो आणि तो पेन्सिलीला कळतो. पहिल्या बैठकीला पाऊण तास ठेवा. पुढच्या बैठका दहा-दहा मिनिटांच्या.

वहीतल्या दोन आडव्या आणि दोन उभ्या अशा चार चौकटी मिळून एक मोठा चौकोन आखा. त्याच्या आत आपोआप अधिकचं चिन्ह तयार होतं. चीनमधली मुलं नेमक्या अशाच घरांच्या वहीत अक्षरं गिरवतात. चार भागांत विभागलेला हा चौकोन म्हणजे चिनी लिपीतलं 'शेत' हे अक्षर, म्हणून त्या घराचं नावही शेतावरूनच पडलं आहे. पानावर असे दहा चौकोन पुरेत. चौकटी फारच लहान असतील तर सोळा चौकटींचा एक चौकोन घ्या, पण मधली अधिकची खूण ठळक करून घ्या. अक्षराचा तोल तिच्यावरच सांभाळायचा आहे.

आधी कान आणि तोंड

पेन्सिल उचलायच्या आधी उच्चार पक्का करा. 'फान' मधला फ हा 'फळ' मधला नव्हे, 'कॉफी' मधला. वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि मधून हवा जाते. शेवटचा न पूर्ण म्हणायचा, तो अनुस्वारात विरू द्यायचा नाही.

यापुढे सगळं सुरावर अवलंबून आहे. प्रमाण चिनीत चार सूर आहेत आणि 'फान' चारही सुरांत म्हणता येतं. वर धरून सपाट म्हटलं तर एक अर्थ 'उलटवणं'. खाली दाबून म्हटलं तर 'उलट, विरुद्ध'. वरून झटक्यात खाली आणलं तर 'भात', म्हणजेच जेवण. आणि खालून वर चढवलं तर आपला वैताग.

चढता सूर आपल्याला परका नाही. कुणी काहीतरी पुटपुटलं, नीट ऐकू आलं नाही, की आपण विचारतो, "काय?" त्या एका शब्दात आवाज मध्यापासून वर जातो. तसाच 'फान' वर न्या. उतरता सूर म्हणजे हट्ट करणाऱ्या पोराला दटावून म्हटलेलं "नाही!" आता पाच वेळा चढता, पाच वेळा उतरता, मग आळीपाळीने. "मला वैताग आलाय" म्हणताना सूर घसरला तर समोरच्याला 'भात' ऐकू येतो. वाक्याच्या संदर्भावरून तो समजून घेईल, पण त्या भरवशावर राहू नका. सुरासकट शब्द तोंडात बसला की मगच हात चालवा. उलट्या क्रमाने शिकलेल्यांना सूर पुढे वर्षानुवर्षं छळतात, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

डावा भाग : आग, चार रेघा

चौकोनाचा डावा भाग, अर्ध्याहून थोडा कमी, आगीला द्यायचा. उजवं डोकं मोठं आहे, त्याला जागा जास्त लागते.

पहिली रेघ : डावीकडे, आडव्या मधल्या रेषेच्या थोडं वर, एक टिंब. टिंब म्हणजे आपल्या अनुस्वारासारखा गोल ठिपका नव्हे. पेन्सिल हलकी टेकवायची, उजवीकडे खाली सरकवत दाब वाढवायचा आणि उचलायची. पावसाचा थेंब तिरका पडावा तसं.

दुसरी : त्याच उंचीवर, पण पलीकडे, म्हणजे आगीच्या उजव्या अंगाला. ही वरून खाली डावीकडे झुकते. छोटी, टोकदार.

तिसरी : दोन्ही ठिणग्यांच्या मधोमध, बरीच वरून सुरू होणारी लांब रेघ. आधी जवळजवळ सरळ खाली येते, मग डावीकडे वळत निमुळती होत संपते. हा ज्वाळेचा कणा.

चौथी : कण्याच्या मध्याच्या थोडं खालून निघून उजवीकडे खाली जाणारं टिंब. 'आग' हे अक्षर एकटं लिहिलं तर इथे लांब पसरट पाय येतो. पण शेजारी दुसरा भाग बसणार असला की तो पाय आखडून घेतात. या लिपीत डावीकडे बसणारा प्रत्येक भाग असाच अंग चोरून बसतो.

इथे सगळ्यांचा हात चुकतो तो क्रमात. पूर्ण झालेली आग दोन पाय फाकून उभ्या असलेल्या माणसासारखी दिसते, आणि त्याच्या दोन्ही खांद्यांपाशी ठिणग्या. म्हणून मन म्हणतं, आधी माणूस काढू, मग ठिणग्या. तसं करू नका. आधी दोन्ही ठिणग्या, मग कणा, मग पाय. माणूस ही आपली लक्षात ठेवायची खूण आहे; मूळ चित्र ज्वाळांचं होतं.

हे चार फटकारे दहा वेळा काढा. एवढी एक आग हातात आली की दिवा, धूर, चूल, भाजणं, परतणं, जाळणं अशा कितीतरी अक्षरांचा डावा भाग तयार झाला. एका अक्षराच्या श्रमात एवढं मिळतं, म्हणून या चार रेघांवर वेळ घालवायला मी सांगते.

उजवा भाग : डोकं, सहा रेघा

पाचवी : उजव्या भागात, सगळ्यांत वर, एक आडवी रेघ. डावीकडून उजवीकडे, जाताना किंचित वर चढणारी. आपल्या हाताला शिरोरेषा शब्द संपल्यावर ओढायची सवय असते. इथे ती आधी येते. वरचं आधी, खालचं मग, हा नियम या लिपीत फार क्वचित मोडतो.

सहावी : त्या आडव्या रेघेच्या मध्याखालून निघणारी छोटी तिरकी रेघ, डावीकडे खाली. डोक्याला खालच्या चौकटीशी जोडणारा हा दुवा.

सातवी : चौकटीची डावी बाजू. वरून सरळ खाली.

आठवी : चौकटीची वरची बाजू आणि उजवी बाजू, दोन्ही एकाच रेघेत. आडवं जायचं, कोपऱ्यात क्षणभर थांबून दाब द्यायचा आणि पेन्सिल न उचलता सरळ खाली यायचं. दोन तुकड्यांत काढलीत तर रेघांची मोजणी चुकेल आणि कोशात अक्षर सापडणार नाही. चौकट खालून उघडीच ठेवायची. तळाला रेघ ओढायचा मोह होतो, तो आवरा.

नववी : चौकटीच्या पोटात, मधोमध सुरू होऊन खाली उतरणारी आणि बाहेर पडून डावीकडे वळणारी रेघ.

दहावी : तिच्या खालच्या अंगापासून उजवीकडे खाली जाणारं लांबट टिंब.

अक्षर झालं. दहा रेघा : आगीच्या चार, डोक्याच्या सहा. वरची आडवी आणि तिच्याखालची छोटी तिरकी झाकून पाहा. उरतं ते 'शिंपला' हे वेगळंच अक्षर. चिनी लिपीत शिंपलाही ठिकठिकाणी भेटतो, पैसा आणि मोलाच्या अक्षरांत तर नेहमी. वरच्या दोन रेघा गाळल्या तर डोक्याचा शिंपला होतो, एवढं ध्यानात ठेवा.

डोकं कुठून आलं

हा उजवा भाग आज स्वतंत्रपणे लिहिला तर त्याचा अर्थ होतो 'पान', पुस्तकाचं पान. त्यामुळे बरीच शिकाऊ पुस्तकं 'आग अधिक पान' असं सांगून मोकळी होतात, आणि विद्यार्थी पेटलेल्या वहीची गोष्ट रचून अक्षर पाठ करतो. मला हे पटत नाही. पान हा अर्थ नंतर चिकटलेला आहे. हाडांवर कोरलेल्या सर्वांत जुन्या चिनी लेखनात हे चित्र गुडघे टेकून बसलेल्या, मोठं डोकं असलेल्या माणसाचं आहे. कपाळ, गाल, मान, चेहरा, माथा यांच्या अक्षरांत उजवीकडे हाच भाग येतो. पान म्हणून पाठ केलंत तर ही सगळी अक्षरं परकी राहतील. डोकं म्हणून शिकलात तर ती रांगेने ओळख देतात.

श्यू शन या विद्वानाने इसवी सन १००च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'श्वोवन च्येत्स' या कोशात या अक्षराचा अर्थ थोडक्यात दिला आहे : तापाची डोकेदुखी. फोड दिली आहे : डोकं आणि आग. याखेरीज, आगीचा भाग 'जाळणं' या अर्थाच्या अक्षरातून उच्चारासाठी घेतला असावा, हे दुसरं मतही त्याने नोंदवलं आहे. ते काहीही असो, अर्थ सरळ आहे. आधी खराखुरा ताप, ज्यात डोकं ठणकतं. मग ज्या ज्या गोष्टीने डोकं तसं होतं ती प्रत्येक कटकट. आपल्याकडेही 'ताप' याच वाटेने अंगातून निघून 'नसता ताप' आणि 'ताप देऊ नकोस' पर्यंत पोहोचला. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली, आणि मराठी माणसाला हे अक्षर जवळचं वाटावं याचं खरं कारण हेच.

छापील कोशात अक्षर शोधायचं तर एक अडचण येते. श्यू शनने ते डोक्याच्या गटात ठेवलं होतं. त्याच्या कोशात असे ५४० गट होते. १७१६ सालच्या कांगशी कोशात गट २१४ झाले आणि आपलं अक्षर आगीत गेलं. आजचे बहुतेक कोश कांगशीच्या वाटेने जातात, तेव्हा आगीच्या गटात जा आणि उरलेल्या सहा रेघांखाली शोधा. तैवान, हाँगकाँग किंवा जपानमध्ये छापलेला कोश असेल तर नऊ रेघांखाली. तिथे जुनं रूप चालतं : डोक्याच्या चौकटीत आणखी दोन आडव्या रेघा, तळही बंद, आणि दोन पाय चौकटीबाहेर. एकूण १३ रेघा. दहा रेघांचं रूप चीनमधल्या १९५०च्या दशकातल्या लिपी-सुधारणेनंतरचं. शिकताना एकच धरा. दुसरं वाचता आलं की झालं.

दुसरी बैठक : जोडीने

एकटं अक्षर आठवड्यात विसरतं. दुसऱ्या दिवशी ते शब्दांत घाला.

सर्वांत कामाचा शब्द 'माफन'. पहिलं अक्षर 'मा', चढत्या सुरात. त्याचा एक अर्थ ताग-अंबाडीसारखी धाग्याची वनस्पती, दुसरा बधिरपणा. दुसरं आपलं फान, पण इथे त्याचा सूर गळून जातो. हलकं, आखूड, मध्यावर टेकलेलं : मा-फन. अर्थ त्रास, झंझट. पण हा शब्द चिनी माणूस वापरतो तो तक्रारीपेक्षा सौजन्यासाठी जास्त. पहिल्यांदा तो माझ्या कानांत बसला तो बीजिंगच्या गच्च भरलेल्या बसमध्ये. एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दाराकडे सरकत होत्या आणि प्रत्येकाला म्हणत होत्या, "माफन रांग ईश्या." तसदी देते, जरा वाट द्या. मी तोवर 'माफन' म्हणजे कटकट एवढंच पाठ केलं होतं. त्या दिवशी कळलं की त्याचा खरा जोड मराठीत 'कटकट' नव्हे, 'तसदी' आहे. आपणही म्हणतो ना, तुम्हाला उगाच तसदी दिली.

तेव्हा ही दोन वाक्यं जोडीने पाठ करा. कुणी काही काम करून दिलं की, "माफन नी ल", तुम्हाला तसदी दिली. त्यावर उत्तर, "पु माफन", त्यात कसली तसदी. इथे रोमन लिपीतलं लेखन वाचून 'बु' म्हणू नका. चिनीच्या रोमन लेखनात जिथे इंग्रजी बी लिहितात तिथे उच्चार आपल्या प सारखा, आणि जिथे पी लिहितात तिथे फुफ्फुसातून हवा सोडलेला, ओठ मिटून म्हटलेला जुना फ. त आणि थ, क आणि ख यांचंही तसंच. अल्पप्राण-महाप्राणाचा हा भेद इंग्रजी भाषकाला महिनोन्महिने झगडून शिकावा लागतो. आपल्याला तो बाराखडीनेच दिलेला आहे. म्हणून टिपणं देवनागरीत काढा.

आता घरातली बोली. "वो हाव फान", मला फार वैताग आलाय. "फान स्स ल", वैतागून जीव जायची पाळी आली. "प्ये फान वो", माझं डोकं खाऊ नकोस. हे शेवटचं भावंडांत, जिवलग मित्रांत चालतं. वडीलधाऱ्यांना किंवा अनोळखी माणसाला कधीही म्हणू नका, ते अपमानच समजतील. आणि 'पु-नाय-फान', शब्दशः 'कटकट न सोसणारा', म्हणजे उतावीळ, धीर सुटलेला. यातला 'पु' एरवी उतरत्या सुरात असतो, पण पुढे उतरताच सूर आला की तो चढता होतो. 'नाय' उतरता आहे, म्हणून इथे 'पु' चढवा.

एक गल्लत आधीच टाळा. जुन्या, जास्त रेघांच्या लिपीला चिनीत 'फान-थी-त्स' म्हणतात. तिथला फान उच्चाराने आणि सुराने हुबेहूब आपलाच, पण अक्षर वेगळं : 'भरपूर, गुंतागुंतीचा' या अर्थाचं. डोकं आणि आग तिथे नाहीत.

तिसरी बैठक : क्लेश

या बैठकीत एकच शब्द, 'फान-नाव'. दुसऱ्या अक्षराच्या डाव्या अंगाला तीन रेघांचं उभं हृदय असतं. पहिल्यात तापलेलं डोकं, दुसऱ्यात ढवळलेलं काळीज. रोजच्या बोलण्यात अर्थ चिंता, मनस्ताप. पण बौद्ध ग्रंथ चिनीत नेणाऱ्यांनी संस्कृत 'क्लेश' साठी हाच शब्द वापरला. कुमारजीव ४०१ साली चीनमधल्या छांगआनला पोहोचला आणि पुढची वर्षं त्याने भाषांतरात घालवली. महाराष्ट्राच्या भूमीतून जाऊन परतलेल्या युआन च्वांगने सातव्या शतकात पुन्हा मोठं काम उभं केलं. दोघांच्याही ग्रंथांत हा शब्द आहे. पालीत तोच 'किलेस'. राग, द्वेष, मोह, जे मनाला मळवतं आणि जाळतं ते सगळं यात येतं. जपानमध्ये या दोन अक्षरांचा उच्चार 'बोन्नो' होतो, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री तिथल्या देवळांत मोठी घंटा १०८ वेळा वाजवतात, एकेका क्लेशासाठी एकेक टोला.

पाली-संस्कृतातून चिनीकडे जाणारी ही वाट पुण्यातल्या अभ्यासकांनीही तुडवली आहे. पु. वि. बापट यांनी अकिरा हिराकावा यांच्यासोबत एका पाली विनय-भाष्याच्या चिनी अवताराचं इंग्रजी भाषांतर केलं, आणि भांडारकर संस्थेने ते १९७० साली छापलं. पाली, संस्कृत आणि चिनी शेजारी ठेवून वाचणाऱ्याला एकेका अक्षराची किती खोल ओळख लागते, हे अशा ग्रंथात दिसतं.

तेव्हा तिसऱ्या बैठकीत वहीच्या एका बाजूला 'क्लेश' लिहा, समोर फान-नाव. फान पूर्ण काढा. नाव तूर्त देवनागरीतच राहू द्या. तिथली उजवी बाजू वेगळी शिकावी लागते.

उजळणी

शंभर वेळा गिरवू नका. दहाव्या वेळेनंतर हात आपोआप चालतो आणि मन दुसरीकडे जातं. त्याऐवजी पाच वेळा पाहून काढा, वही मिटा, पाच मिनिटं दुसरं काही करा, मग कोऱ्या कागदावर न पाहता काढा. अडलात तर कोणत्या रेघेशी अडलात ते लिहून ठेवा. बहुतेकांचं गाडं सहाव्या रेघेशी थांबतं, त्या छोट्या दुव्याशी. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि महिन्याने तीच परीक्षा घ्या. प्रत्येक वेळी काढताना तोंडाने चढत्या सुरात 'फान' म्हणा. मुक्याने काढलेलं अक्षर उच्चाराला धरून आठवत नाही.

आता ताडून पाहा. फोनच्या कीबोर्डमध्ये चिनी भाषा जोडा आणि हाताने लिहायचा पर्याय निवडा. बोटाने पडद्यावर तुमचं अक्षर काढा. रेघा क्रमाने आल्या तर वर सुचवलेल्या अक्षरांत ते पटकन दिसेल. मग रोमन पर्याय घेऊन एम-ए-एफ-ए-एन ही अक्षरं दाबा. 'माफन' हा शब्द येतो, त्यातलं दुसरं अक्षर तुमच्या वहीतल्याशी रेघ न रेघ जुळवा. नुसतं एफ-ए-एन दाबलंत तर अक्षरांची लांबलचक रांग येईल आणि त्यात भातही असेल.

शेवटची परीक्षा माणसासमोर द्या. चिनी येणारं कुणी ओळखीचं असेल, ऑनलाइन शिकवणारं असेल, तर वहीचं पान दाखवून चुका विचारा. त्यांनी वेळ देऊन सांगितलं की म्हणा, "माफन नी ल." समोरून सहज "पु माफन" आलं तर सूर बरोबर लागला.